जुन्या गाडीच्या इंजिनाचे पार्ट: पावडर कोटिंगला काय द्यावं आणि काय देऊ नये

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पावडर पार्टावर मारून भट्टीत पिकवायची. जळगाव, धुळे, भुसावळ पट्ट्यातल्या पावडर कोटिंगवाल्यांचं पत्र्यावरचं काम चोख असतं. फवारणी पंप, ठिबकचे फिल्टर, कपाटं, ग्रिल यांवर त्यांचा हात बसलेला आहे. पण अँबेसेडर, पद्मिनी किंवा जुन्या जीपचं इंजिन उघडलं की पार्टांचं अख्खं पोतं त्याच दुकानात नेऊन ओतायचं, ही पद्धत काही बरी नाही. 'होऊन जाईल ना भो' हे उत्तर सगळ्याच पार्टांना मिळतं. टिकतात त्यातले थोडेच.

पत्र्याचं टॅपेट कव्हर, एअर फिल्टरचं डबडं, पुली, डायनामोचे ब्रॅकेट, ऑइल चेंबरची बाहेरची बाजू, एवढं बिनधास्त द्या. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसतो. त्याला ऑइल, डिझेल, पान्याचा ओरखडा यांचं फारसं काही होत नाही. पावडर पॉलिएस्टरची आहे की इपॉक्सीची, ते मात्र विचारून घ्या. इपॉक्सी रसायनाला चिवट, पण उन्हात तिची चमक जाऊन वर पांढरट भुकटी येते. बॉनेटखाली ती चालते. गाडी बॉनेट उघडून प्रदर्शनात उभी करायची असेल तर पॉलिएस्टरच घ्या.

खरी गोम भट्टीत आहे. पावडर पिकायला धातूचंच तापमान १८० ते २०० अंश व्हावं लागतं आणि तिथे १० ते १५ मिनिटं टिकावं लागतं. मीटर दाखवतो ती भट्टीतल्या हवेची उष्णता. ग्रिलची पट्टी पाच-सात मिनिटांत हवेइतकी तापते. बिडाची (ओतीव लोखंडाची) जाड पुली त्याच ट्रॉलीवर टांगली तर ती त्या वेळेत जेमतेम १४०-१५० पर्यंत पोचते. बाहेर येते तेव्हा दोन्हींचा रंग सारखाच सुंदर दिसतो. पुलीवरची पावडर मात्र कच्ची असते आणि काही महिन्यांत ऑइल लागून मऊ पडते. म्हणून जाड पार्ट वेगळ्या घाण्यात लावायला सांगा आणि पार्ट स्वतः तापल्यावरच वेळ मोजायला सांगा. इन्फ्रारेड गन असलेलं दुकान मिळालं तर दोन पैसे जास्त गेले तरी तिथेच द्या.

दुसरी अडचण बिडाची. तीस-चाळीस वर्षं ऑइलमध्ये राहिलेलं बीड ऑइल पिऊन बसलेलं असतं. वरून कितीही ब्लास्ट केलं (हवेच्या दाबाने कण मारून साफ केलं) तरी भट्टीत ते घाम फुटावा तसं ऑइल बाहेर टाकतं आणि पावडरवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. गंज पुढे तिथूनच शिरतो. उपाय सोपा आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. पार्ट आधी कोराच भट्टीत घालून २२० अंशांपर्यंत तापवायचा, गार झाल्यावर थिनरने पुसायचा, पुन्हा ब्लास्ट करायचा आणि मग पावडर मारायची. अॅल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये अडकलेली हवाही अशीच निघते. ब्लास्ट करताना त्याला लोखंडी शॉट (बारीक छर्रे) नको, काचेचे मणी वापरायला सांगा. शॉटचे कण मऊ धातूत रुततात आणि पहिल्या पावसाळ्यात तांबडे ठिपके उठतात.

पत्र्याच्या पार्टांना 'सेव्हन टँक' (पावडरआधीची सात टाक्यांतली रासायनिक धुलाई) करतो असं बहुतेक जण सांगतात. टाक्या असतातही. पण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. शेवटची धुलाई त्याच पाण्यात झाली तर क्षार पावडरखाली राहतात आणि पुढे फुगे येतात. शेवटचं पाणी आरओचं आहे का, एवढा एक प्रश्न विचारलात तरी दुकानदाराला गिऱ्हाईक कळतं.

देण्याआधी आपलं काम आपण करायचं. ऑइल सील, बुश, बेअरिंग, रबर काढा. प्रत्येक आट्यात जुना बोल्ट बसवून द्या. पॅकिंग बसते ती कड आणि अर्थिंगची जागा उष्णता सोसणाऱ्या टेपने झाका. साधी मास्किंग टेप भट्टीत करपते. कडेवर ७० मायक्रॉनची पावडर राहिली तर पॅकिंग नीट दबत नाही आणि गळती सुरू होते. बोल्टच्या डोक्याखालची पावडर हळूहळू चेपत जाते आणि कसलेला बोल्ट ढिला पडतो. चेंबरला आतून पावडर अजिबात नको. पोपडा सुटला तर तो थेट ऑइल पंपाच्या जाळीवर जातो. रेडिएटर आणि कार्ब्युरेटरही त्या पोत्यातून बाहेर काढा.

इंजिन ब्लॉकला पावडर नकोच. त्यावर इपॉक्सी प्रायमरचा एक हात आणि टू-के पीयूचे (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाचे) दोन हात, हेच सगळ्यात टिकाऊ. ब्लॉक बाहेरून साधारण १०० अंशांच्या आत राहतो, तेवढं पीयू सहज सोसतं. सिंथेटिक इनॅमल स्वस्त पडतं, पण अँबेसेडरमध्ये कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड एकाच बाजूला असल्याने पेट्रोल जिथे ठिबकतं तिथे ते सुरकुततं. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारी स्प्रे मारू नका. थेंब ब्लॉकवर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि हाताला खरखर लागते. पहाटे काम करा आणि स्लो (हळू उडणारं) थिनर वापरा. पावसाळ्यात उघडं बीड काही तासांत तांबूस होतं, म्हणून ब्लास्ट केल्याच दिवशी प्रायमर मारा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, निदान काडतुसाचा (वाफ शोषणाऱ्या फिल्टरचा) मास्क तरी लागतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांचा) विषयच वेगळा. तिथे पावडर आणि पीयू दोन्ही जळतात. सिलिकॉनचा हीट रेझिस्टंट अॅल्युमिनियम रंग घ्या, पण डब्यावर २००, ४०० की ६०० अंश लिहिलंय ते वाचा. दुकानात पुढे केला जातो तो बहुधा २०० वाला. कोऱ्या, ब्लास्ट केलेल्या बिडावर, खाली साधा प्रायमर न लावता, दोन पातळ हात द्या. जाड मारला की पापुद्रे निघतात. २०० अंशांवर तासभर भाजेपर्यंत हा रंग नखानेही निघतो. भट्टी नसेल तर इंजिन आधी १० मिनिटं, गार करून २० मिनिटं, मग अर्धा तास चालवा. धूर निघेल, घाबरायचं कारण नाही.

नट-बोल्ट, वॉशर, क्लिपांना झिंक प्लेटिंग. जवळ सोय नसेल तर नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत पाठवा. वॉशर तारेत ओवून द्या, सुटे दिले की परत येताना कमी भरतात. हेडचे स्टड आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र पाठवू नका. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं आणि ते धावत्या इंजिनात तुटतं.

पावडरचा माल घेताना थिनरने भिजवलेलं पांढरं फडकं आतल्या बाजूला वीसेक वेळा घासून बघा. फडक्याला रंग लागला किंवा चमक मेली तर पावडर कच्ची आहे. पैसे न देता पार्ट तिथेच ठेवा आणि पुन्हा भाजायला सांगा. कच्ची पावडर दुसऱ्यांदा भट्टीत घातली की पिकते, त्यामुळे दुकानदाराला नाही म्हणायला जागा नसते.