पार्किन्सनसाठी व्हीआर (आभासी वास्तव) व्यायामोपचार : आठ फेऱ्यांनंतरचे मत
जालन्याहून अण्णांना घेऊन आम्ही छत्रपती संभाजीनगरातील एका फिजिओथेरपी केंद्रात आठ वेळा गेलो. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतील डोपामाइन हे रसायन कमी झाल्याने हालचाली मंदावतात आणि उंबरठ्यापाशी तर पाय जमिनीला खिळल्यासारखे थबकतात. मात्र समोर आडव्या रेषा दिसल्या की त्या ओलांडताना पाऊल पुष्कळदा सहज उचलले जाते, आणि येथे हेच तत्त्व डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमधून वापरले जाते. डोळ्यांपुढे पायवाट उलगडते, तिच्यावर पांढरे पट्टे येतात आणि थेरपिस्ट कमरेचा पट्टा धरून शेजारून चालतात. डोपामाइनची उणीव भरून काढणाऱ्या लेवोडोपा या औषधाच्या गोळीचा अंमल असतानाचीच वेळ देण्याची त्यांची दक्षता मला विशेष आवडली.

सूचना मात्र केवळ इंग्रजीत आहेत. ‘टर्न लेफ्ट’ ऐकू आले की अण्णा हेडसेटसकट माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवत आणि मी ‘डावीकडे’ म्हणेपर्यंत समोरचा पांढरा पट्टा निघून जाई. तिसऱ्या खेपेस त्यांना भोवळ आली, तेव्हा हेडसेट तत्काळ काढून त्यांना खुर्चीत बसवले गेले. प्रत्येक वेळचे आठशे रुपये आणि गाडीभाडे जड जाते. थेरपिस्टच्याच सल्ल्याने घरी न्हाणीघराच्या वाटेवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. अण्णा त्या मोजत ओलांडतात.