अल जझीरा इंग्लिश : दूरच्या बातमीसाठी उत्तम, घरच्या बातमीसाठी अपुरी

जगाच्या बातम्यांसाठी एकच इंग्रजी वाहिनी ठेवायची झाली, तर मी आजही अल जझीरा इंग्लिशच ठेवेन. मात्र कतारची बातमी तिच्याकडून घेणार नाही.

मूळ अरबी वाहिनी १९९६ साली दोहा येथे कतारच्या अमीरांच्या पैशावर सुरू झाली आणि त्याच वर्षी बंद पडलेल्या बीबीसीच्या अरबी दूरचित्रवाणीतले अनेक मुरलेले पत्रकार तिला आयते मिळाले. ती बीबीसीची सेवा सौदी भांडवलावर चालत होती आणि सौदी राजवटीवर टीका करणारा कार्यक्रम दाखवल्यानंतर तिचे प्रक्षेपण थांबले होते. पैसा पुरवणारा रुसला की काय होते, हे या मंडळींना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या इंग्रजी वाहिनीचे खरे बळ तिच्या विस्तारात आहे. आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आग्नेय आशियातील घडामोडी येथे एखादे संकट कोसळण्याची वाट न पाहता नियमित दिसतात, आणि वार्ताहर बहुधा त्या भागात मुरलेला असतो. २००८-०९ च्या गाझा युद्धात इस्रायलने परदेशी पत्रकारांना आत जाऊ दिले नाही, तेव्हा या वाहिनीचे प्रतिनिधी आधीपासूनच गाझात राहत असल्यामुळे तिचे वृत्तांकन इतर इंग्रजी वाहिन्यांच्या फार पुढे गेले.

खोलीचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. २०११ मध्ये इजिप्तच्या तहरीर चौकातून जवळजवळ अखंड प्रक्षेपण करणारी अरबी वाहिनी कतारच्या शेजारच्या बहारीनमधील उठावाबाबत बरीच हात राखून होती. इंग्रजी वाहिनीने त्याच उठावावर धीट माहितीपट दाखवला आणि बहारीन सरकारची नाराजी ओढवून घेतली. म्हणजे एकाच मालकाच्या दोन भाषांतील वाहिन्यांना मिळणारी मोकळीक सारखी नव्हती, आणि केवळ इंग्रजी वाहिनी पाहणाऱ्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला हा फरक जाणवतही नाही. कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीतील स्थलांतरित मजुरांचा विषय तिने टाळला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु अमीरांच्या निर्णयांची जी चिकित्सा इतर देशांच्या राज्यकर्त्यांच्या वाट्याला येते, तशी मला येथे कधी दिसली नाही.

बाहेरचा दाबही कमी नाही. २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारपुढे ठेवलेल्या १३ मागण्यांत ही वाहिनी बंद करण्याची मागणी होती, तर मे २०२४ मध्ये इस्रायलने तिचे तेथील कामकाज बंद पाडले. भारतातही काश्मीरच्या चुकीच्या नकाशांवरून २०१५ साली तिचे प्रक्षेपण पाच दिवस थांबवण्यात आले होते.

थेट प्रक्षेपण इंटरनेटवर विनामूल्य मिळते, ही मोठीच सोय. आफ्रिकेची किंवा पॅलेस्टाईनची बातमी असेल तर निर्धास्तपणे येथून सुरुवात करावी. सौदी-कतार संबंध, आखातातील गॅसचे व्यवहार किंवा दोह्यात चाललेली एखादी मध्यस्थी यांविषयी मात्र दुसऱ्या वृत्तसंस्थेची बातमी आधी वाचावी आणि मग येथे काय गाळले आहे ते पाहावे.