प्रकल्पासाठी एसयू(५) घ्यावा, एसओ(१०) की पाती-सलाम?

एमएस्सीला महाएकीकरणावर (विद्युतचुंबकीय, दुर्बल आणि प्रबळ ही बलं मुळात एकच, या कल्पनेवर) प्रकल्प करायचं ठरलं की अडतं ते गटाच्या, म्हणजे सममितीचं गणित मांडणाऱ्या रचनेच्या, निवडीपाशी. स्टँडर्ड मॉडेलचा (मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांताचा) गट एसयू(३)×एसयू(२)×यू(१), म्हणजे १२ बलवाहक कण आणि तीन स्वतंत्र कपलिंग (बलांची ताकद सांगणारे आकडे). हे सगळं एका मोठ्या सममितीत बसवायचे जे प्रयत्न १९७४च्या आसपास झाले, त्यांतले तीन आजही विचारात घेण्याजोगे आहेत.

एसयू(५) हा जॉर्जी आणि ग्लॅशो यांचा. काम भागवणारा सर्वांत लहान साधा गट, जनक २४ (जितके जनक तितके बलवाहक). एका पिढीतले (क्वार्क, इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो अशा कणांच्या एका संचातले) १५ कण ५ आणि १० अशा दोन गठ्ठ्यांत बसतात. पाचाच्या गठ्ठ्यात तीन रंगांचे प्रति-डाउन क्वार्क, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो. या पाचांच्या विद्युतभारांची बेरीज शून्य यावीच लागते. इलेक्ट्रॉनचा भार उणे १, न्यूट्रिनोचा शून्य, म्हणून प्रत्येक प्रति-डाउनच्या वाट्याला अधिक एक-तृतीयांश. क्वार्कला अपूर्णांकी भार का आणि प्रोटॉनचा भार इलेक्ट्रॉनइतकाच का, याचं उत्तर पानभर गणितात हाती येतं. मला तरी या विषयात याहून देखणं काही सापडलेलं नाही.

पण मूळ एसयू(५) चुकीचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. उरलेले १२ नवे बलवाहक क्वार्कचं लेप्टॉनमध्ये (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो यांसारख्या कणांत) रूपांतर करतात, म्हणजे क्वार्कांचा बनलेला प्रोटॉन फुटायला हवा. मुंबईच्या टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसोबत कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, याची वाट पाहिली. काही घटना आशादायक वाटल्या, पण पुढच्या मोठ्या शोधयंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही. आज जपानच्या सुपर-कामिओकांडे शोधयंत्राने प्रोटॉनच्या आयुष्याला घातलेली किमान मर्यादा पॉझिट्रॉन-पायॉन मार्गासाठी (प्रोटॉन फुटून हे दोन कण होण्यासाठी) १० चा ३४ वा घात वर्षांच्याही पलीकडे आहे. मूळ भाकीत त्याच्या कैक पटींनी कमी होतं. शिवाय इलेक्ट्रॉन-म्युऑन वस्तुमानांचं गुणोत्तर डाउन-स्ट्रेंजइतकंच यावं असं हा गट म्हणतो. प्रत्यक्षात पहिलं सुमारे २०० मध्ये एक, दुसरं सुमारे २० मध्ये एक!

एसओ(१०)मध्ये जनक ४५, आणि अख्खी पिढी एकाच १६च्या गठ्ठ्यात. कण १५ आणि जागा १६. सोळाव्या जागेवर उजवा (उजव्या फिरकीचा) न्यूट्रिनो आपोआप येतो. त्याला प्रचंड वस्तुमान दिलं की सी-सॉ यंत्रणेने (एक जितका जड तितका दुसरा हलका) आपले नेहमीचे न्यूट्रिनो हलके का, हे समजतं. १९९८मध्ये न्यूट्रिनोंना वस्तुमान असल्याचा पुरावा मिळाल्यावर या गटाचं पारडं जड झालं. डोकेदुखी आहे ती सममिती मोडण्याची. एसयू(५)मार्गे उतरा किंवा पाती-सलाममार्गे. कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्रांसाठी १०, १२०, १२६ अशा आकारांच्या गठ्ठ्यांतून हवं ते घ्या. मोकळीक इतकी की भाकीत सैल पडतं, आणि विद्यार्थ्याचं सत्र नुसत्या प्रतिरूपणांच्या (अशा गठ्ठ्यांच्या) जंत्रीत संपतं.

जोगेश पाती आणि अब्दुस सलाम यांचा एसयू(४)×एसयू(२)×एसयू(२) वेगळ्या वळणाचा: लेप्टॉन म्हणजे क्वार्कचा चौथा रंग. डावं-उजवं इथे बरोबरीने नांदतं, उजवा न्यूट्रिनोही आहेच. गटाच्या बलवाहकांमुळे प्रोटॉन फुटत नाही. त्यांचा माग दीर्घजीवी केऑन या कणाच्या म्युऑन-इलेक्ट्रॉन क्षयासारख्या दुर्मीळ घटनांत काढावा लागतो. मात्र कपलिंग एक होत नाही, म्हणून काटेकोर अर्थाने हे महाएकीकरण नव्हेच.

ई६ या आणखी मोठ्या गटाचं नाव कानावर येईल. ७८ जनक आणि २७चा गठ्ठा एका सत्रात पेलण्यातला नाही.

हातात चार महिने असतील तर मी एसयू(५)च घ्या म्हणेन, चुकीचा असला तरी. तो नेमका कुठे चुकतो ते स्वतःच्या वहीत काढून दाखवता येतं. ऊर्जेनुसार कपलिंग कसं बदलतं याच्या तीन रेषा काढल्या की त्या एका बिंदूत भेटत नाहीत हे डोळ्यांना दिसतं. पीएचडीकडे डोळा असेल आणि लाय बीजगणित (अशा गटांचं गणित) पक्कं असेल, तर एसओ(१०). आणि मार्गदर्शक प्रयोगवाले असतील, तर त्यांच्याशी पाती-सलामबद्दल बोलून बघा.