वाचनालयातून आणावं की विकत घ्यावं?

पुण्यात दोन्ही सोयी पेठांतच आहेत. १८४८ सालचं पुणे नगर वाचन मंदिर आहे, तसाच पुस्तकांच्या दुकानांनी गजबजलेला अप्पा बळवंत चौकही.

कादंबऱ्यांसाठी मी वाचनालयाच्या बाजूची. विकतचं पुस्तक ‘वाचू निवांत’ म्हणून कपाटात पडून राहतं. परतीची तारीख असली की रात्री जागून संपतं. आईसारख्या झपाट्यानं वाचणाऱ्या माणसाला सगळं विकत घेणं परवडणारही नाही. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका! आमच्याकडे एकच अंक सासूबाई, मी आणि लेक आळीपाळीनं वाचतो, आणि आधी कोणी वाचायचा यावरून रोज वाद.

कविता मात्र विकतच घ्यावी. ती पुन्हापुन्हा उघडायची असते, मुदतीत संपवायची नसते. शिवाय स्वतःच्या प्रतीत खुणा करता येतात. बाबांच्या पुस्तकांत समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं: कुठे ‘हे पटत नाही’, कुठे नुसतंच उद्गारचिन्ह. ते वाचताना मला दोघांशी बोलल्यासारखं वाटतं, कवीशी आणि बाबांशी. वाचनालयाच्या पुस्तकात असं लिहिणं म्हणजे पुढच्या वाचकावर अन्याय.

मैत्रिणीला वाचायला द्यायचं पुस्तकही आपलंच हवं. वाचनालयाचं दिलं, तर चार दिवसांत मागे तगादा लावावा लागतो.