बजींच्या जोडीसाठी पिंजरा: करून घ्यावा की तयार आणावा?

बजींची, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटांची, जोडी घरी आणायचं ठरलं की पिंजऱ्यापाशी दोन वाटा फुटतात. ग्रिलवाल्याला माप देऊन अँगल आणि जाळीचा पिंजरा करून घ्यायचा, किंवा बारीक गजांचा, पावडर कोटिंगवाला, घडी होणारा तयार पिंजरा आणायचा. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये मी दोन्ही वापरून पाहिले. करून घेतलेला दोन वर्षं टिकला, तयार आणलेल्याला आता तीन वर्षं होतील.

गोल घुमटाचा पिंजरा मी या तुलनेत धरतच नाही. बजी हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानातला, थव्याने लांबलांब फिरणारा पक्षी. तो आडवा उडतो. गोल पिंजऱ्यात त्याला दोन पंख मारायलाही सरळ वाट मिळत नाही, आणि घुमटाच्या टोकाशी गज जवळजवळ येतात तिथे नखं अडकतात. दिसायला तो सुंदर असतो हे मान्य, पण पक्षी ठेवायला घेऊ नका.

आणखी एक गोष्ट दुकानात जाण्याआधी सांगून ठेवतो. आपल्याकडे बजींना सर्रास लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगाने भरलेले, जाड चोचीचे. बजी जेमतेम ३०-४० ग्रॅमचा. ‘लव्हबर्डचा पिंजरा दाखवा’ म्हणून जो पुढे येईल, त्याच्या गजांमधलं अंतर स्वतः बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर बजी त्यात डोकं घालतो, आणि मग ते बाहेर येत नाही.

आता मूळ मुद्दा. करून घेतलेल्या पिंजऱ्याचं मोठं सुख म्हणजे माप आपलं. गॅलरीच्या भिंतीला बसेल असा मी ३ फूट लांब, दीड फूट खोल, २ फूट उंच करून घेतला. पुढचं दार एवढं मोठं ठेवलं की कोपरापर्यंत हात आत जाई. पेरूच्या फांद्या हव्या तिथे बांधता येत, कारण जाळी सगळीकडून सारखी. शेजारच्या मांजरीने वर उडी मारली तरी पिंजरा तसूभर हलला नाही. पक्षी त्यात खरंच उडत. या टोकाकडून त्या टोकाकडे पंखांचा फडफडाट ऐकू येई, आणि तो आवाज मला आजही आठवतो.

जाळीबद्दल मात्र काळजी घ्यावी लागते. जीआय जाळीवर जस्ताचा मुलामा असतो आणि बजी दिवसभर जाळी चावत असतो. जस्त पोटात गेलं तर पक्षी दगावू शकतो. जोडांपाशी जस्ताचे बारीक थेंब आणि पांढरी भुकटी दिसते, ती मी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून काढली, पिंजरा भरपूर पाण्याने धुतला आणि चार दिवस उन्हात ठेवला. त्याने धोका कमी होतो, संपतो असं मी म्हणणार नाही. स्टेनलेसची जाळी परवडत असेल तर तीच घालून घ्या.

तरीही मी तो पिंजरा सोडला तो जस्तामुळे नव्हे. ट्रेमुळे सोडला.

ट्रे पत्र्याचा होता आणि अँगलच्या खाचेत बसायचा. पहिले काही महिने ठीक गेले. पहिल्या पावसाळ्यात खाचेत गंज धरला. बजी दाणा सोलून खातात, त्याची फोलपटं त्या खाचेत शिरत, वर विष्ठा, वर पाण्याचे शिंतोडे. हे सगळं मिळून सिमेंटसारखं घट्ट व्हायचं. सकाळी सहाला मी ट्रे ओढायचो तेव्हा तो आधी हलायचाच नाही, आणि मग एकदम खर्रकन सुटायचा. त्या आवाजाने दोघं जीव घेऊन उसळायचे. उजाडतं न उजाडतं तोच जाळीवर आपटायचे, मिनिटभर धापा टाकत एका कोपऱ्यात लटकून राहायचे. रोज. मी खाचेला मेणबत्ती घासली. ग्रिलवाल्याकडून कडा घासून घेतल्या. वर्तमानपत्र दुहेरी घालून ट्रे एक दिवसाआड काढायला लागलो, तर वास यायला लागला.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी निळ्या मादीचं पंखातलं नवं पीस असंच मोडलं. उगवत्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते मोडलं की गळतच राहतं. एवढासा जीव, त्यात रक्त ते किती असणार! बायकोने तिला रुमालात धरलं, मी कॉर्नफ्लोअर दाबून धरलं. रक्त थांबलं. संध्याकाळपर्यंत ती दाणेही टिपायला लागली. पण त्यानंतर ट्रेला हात घालायची माझी हिंमत होईना. आठवडाभरात तयार पिंजरा घरी आला.

हा ३० इंच लांब आहे, म्हणजे आधीच्यापेक्षा अर्धा फूट कमी, आणि ते अर्धा फूट मला अजून खटकतं. ट्रे प्लास्टिकचा. एका हाताने, आवाज न करता बाहेर येतो. खालची जाळीही वेगळी निघते, ती बाथरूममध्ये नेऊन धुता येते. आता मी ट्रे काढतो तेव्हा हिरवा नर डोळेसुद्धा उघडत नाही.

यालाही दोष आहेत. खाण्याच्या वाट्यांपाशी वर सरकणारी छोटी दारं असतात. बजी चोचीने ती उचलतो, आणि नराने हे चौथ्याच दिवशी करून दाखवलं. तेव्हापासून प्रत्येक दाराला स्टीलचा चिमटा आहे. रोज जिथे चावतात तिथलं कोटिंगही टवका निघून जातं, त्यामुळे महिन्यातून एकदा गज बोटाने चाचपून बघतो. वजन कमी असल्याने पिंजरा टेबलावर नुसता ठेवला नाही, भिंतीतल्या हुकाला बांधला आहे. सोबत येणाऱ्या गुळगुळीत सारख्या जाडीच्या काठ्या काढून टाका. त्यांवर बसून पायाला एकाच जागी दाब येतो. पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या इथेही बसतात, जरा खटपट करावी लागते इतकंच. बरेच दुकानदार पिंजऱ्यात घरट्यासाठी मडकं टांगून देतात. पिल्लं नको असतील तर तेही काढा.

तुमचं घर गावाकडे असेल, पिंजरा पडवीत राहणार असेल, मांजर, मुंगूस, साप यांची ये-जा असेल, तर माझं मत बाजूला ठेवा आणि करूनच घ्या. पाच-सहा पक्षी ठेवायचे असतील तरीही तेच. फक्त ग्रिलवाल्याला ट्रेच्या खाचेत चांगली मोकळीक ठेवायला सांगा आणि ट्रे स्टेनलेसचा घाला. मी हे सुरुवातीलाच केलं असतं तर कदाचित आज वेगळं लिहिलं असतं. पण फ्लॅटमध्ये, एका जोडीसाठी, रोज सकाळी कामावर पळण्याआधी साफसफाई करणाऱ्याला मी तयार लांबट पिंजराच घ्या म्हणेन. घेताना दुकानात ट्रे चार वेळा आतबाहेर करून बघा, दुकानदार कंटाळला तरी.

पिंजरा बदलायचा असेल तर पक्षी हातात पकडून बदलू नका. मी दोन्ही पिंजरे दाराला दार लावून ठेवले, मधली फट पुठ्ठ्याने बंद केली आणि नव्या पिंजऱ्यात राळ्याचं कणीस टांगलं. दोन दिवस दोघं नुसते बघत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी नर गेला. मादी दारापर्यंत येई, मान आत घाली आणि परत फिरे. चौथ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर ती नव्या पिंजऱ्यात पेरूच्या फांदीवर नराला खेटून बसली होती आणि कणसाचे दाणे निम्मे संपले होते.