निबंध वर्गात लिहून घ्यावा की घरून आणू द्यावा?

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव शहरातील मराठी शाळेत आठवी ते दहावीला निबंध शिकवणाऱ्यांपुढे सध्या दोन वाटा आहेत: सगळे लेखन वर्गात, वहीत, आपल्यासमोर करून घ्यावे, किंवा चॅटजीपीटीची मदत मान्य करून घरून लिहून आणू द्यावे. यंत्राचे लेखन पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबण्यात अर्थ नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचेच असे साधन इंग्रजी मजकुराच्या चाचणीत यंत्राचे जेमतेम 26 टक्के लेखन पकडत होते आणि माणसांच्या 9 टक्के लेखनावर खोटा आळ घेत होते. जुलै 2023 मध्ये ते मागे घेण्यात आले.

परीक्षेचा हिशेब वर्गाच्या बाजूने आहे, कारण कर्नाटकात दहावीला प्रथम भाषेच्या 125 गुणांपैकी 100 गुण मोबाइल नसलेल्या दालनात मिळवावे लागतात. उरलेल्या 25 अंतर्गत गुणांपुरताच घरच्या लेखनाचा प्रश्न येतो.

पावसावरचा निबंध मी दोन्ही प्रकारे लिहून घेतला. घरून आलेल्या तीन वह्यांत धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता. वर्गात मात्र एका मुलीने लिहिले, ‘पाऊस पडूलाय म्हणून आई रोप लावायला लवकर गेली, मी भाकरी घेऊन गेले तर फडक्यातली चटणी भिजली.’ हेच वाक्य यंत्राकडे दुरुस्तीला दिले, तेव्हा ‘पाऊस पडत असल्याने आई लवकर शेतात गेली’ एवढेच उरले. व्याकरण सुधारले, पण चटणी गेली. बोलताना ‘पडूलाय’ आणि लिहिताना ‘पडत आहे’ हा फरक सांगून चटणी जागच्या जागी ठेवणे शिक्षकालाच जमते, असे माझे मत आहे.

वर्गातल्या लेखनाची अडचण वेळेची आहे. एका तासिकेत सावकाश लिहिणारी मुले पहिल्या परिच्छेदावरच अडकतात, आणि वह्यांचा गठ्ठा शिक्षकाच्या घरी जातो तो वेगळाच. घरच्या लेखनात ही घाई नसते, परंतु ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांबरोबर रात्री परततो, तिथल्या मुलाला यंत्राची मदत मिळतच नाही.

म्हणून आठवी-नववीला मी वर्गच निवडेन. दहावीला कच्चा खर्डा वर्गात हाताने लिहून घ्यावा, यंत्राची दुरुस्ती शाळेच्या संगणकावर सर्वांना सारखीच करू द्यावी, आणि यंत्राने गाळलेले शब्द खर्ड्यात अधोरेखित करून त्यांतले कोणते परत घेणार हे मुलाला तोंडी विचारून मगच अंतर्गत गुण द्यावेत.