पक्षाघातानंतर वाचा गेली असेल तर : धंतोलीतल्या स्पीच थेरपीचा अनुभव

घरातल्या माणसाचं पक्षाघातानंतर बोलणं गेलं असेल, तर नागपूरच्या धंतोलीतल्या या स्पीच थेरपी केंद्रात एकदा तरी तपासणी करून घ्या. माझ्या बाबांनी इतवारीत धान्याच्या दलालीत उभा जन्म काढला, दिवसभर बोलणं हाच धंदा. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली आणि उजवा हात, उजवा पाय, वाचा, सगळं एकदमच गेलं. हातापायाची फिजिओथेरपी लगेच सुरू झाली. बोलण्याबद्दल मात्र जो तो "येईल हळूहळू" म्हणायचा. भेटायला येणारे तर त्यांच्या तोंडावरच बोलायचे, "काकाजीले काही आठवूनच नाही राहिलं."

इथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत हे खोडून काढलं. तपासणी निवांत केली, मधे चहा पाजून. आकडे विखुरलेला एक कागद दिला आणि त्यातले ४ चे सगळे आकडे खोडायला सांगितले. बाबांनी डाव्या हाताने खोडले, शेवटच्या दोन ओळींत तेवढे दमले. म्हणजे लक्ष टिकतं, पण लवकर थकतं. काही चित्रं दाखवून झाकली, थोड्या वेळाने मोठ्या गठ्ठ्यातून तीच काढायला लावली. बरोबर काढली. म्हणजे स्मरण जागेवर आहे. "आधी दाराकडे बघा, मग डोळे मिटा." तेही केलं. मग कंगव्याचं चित्र समोर ठेवून विचारलं, हे काय? "क... क..." आणि कपाळावर हात. पुढच्याच क्षणी त्यांनी केस विंचरून दाखवले.

समजतं सगळं, पण शब्द तोंडातून निघत नाही, याला ब्रोका अफेजिया म्हणतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला होता; बोललेलं त्याला समजायचं, पण तोंडून 'टान' एवढंच निघायचं. हे सगळं मॅडमनी आम्हाला नाही, बाबांकडे बघून, सावकाश सांगितलं. बाबा ढसाढसा रडले. आपली बुद्धी शाबूत आहे, हे इतक्या दिवसांत त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

प्रत्येकाचं दुखणं इथे वेगळं धरतात, हे बाहेरच्या बाकावर बसूनही कळतं. उजव्या मेंदूला मार बसलेले एक काका डब्यातलं उजव्या बाजूचंच खायचे. डावीकडचा वरणभात तसाच राहायचा आणि वर "अजून वाढ" म्हणायचे. डोळे चांगले, लक्षच तिकडे जात नाही. मॅडमनी ताटलीच्या डाव्या काठाला लाल पट्टी चिकटवली. आधी पट्टी शोधायची, मग घास. गाडीवरून पडलेला एक मुलगा नवीन काही लक्षात ठेवू शकत नाही. त्याला "आठव बरं" म्हणत नाहीत, उत्तर सरळ सांगतात, कारण अशा रुग्णाच्या डोक्यात चुकीचा अंदाजच घट्ट बसतो.

बाबांची गाडी पुढे सरकली ती मारबतीमुळे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घालवायला नागपुरात मिरवणुकीने नेतात त्या पुतळ्यामुळे. पाणी मागता येत नव्हतं, पण गल्लीतल्या पोरांनी आरोळी ठोकली तसं बाबांच्या तोंडून खणखणीत निघालं, "घेऊन जा गे मारबत!" आईच्या हातातला पेला पडला. मॅडमना सांगितलं तर त्या खूशच झाल्या. पाठ झालेली वाक्यं, आरत्या, गाणी डाव्या मेंदूला इजा झाल्यावरही पुष्कळदा टिकून राहतात. सुरावर शब्द बसवून बोलतं करण्याची पद्धत अमेरिकेत १९७३ पासून आहे. मॅडमनी तीच लय धरली, बाबांच्या डाव्या हाताने टेबलावर ताल धरायला लावला आणि "घेऊन जा" वरून "घेऊन ये", मग "पाणी घेऊन ये". आता दोन-तीन शब्दांची वाक्यं येतात. फोनवर अजून जमत नाही. पूर्वीसारखं होईल असं मॅडमनी कधीही म्हटलेलं नाही, आणि मला तेच पटलं.

घरासाठी सांगितलेलं फार उपयोगी पडलं: टीव्ही बंद, एका वेळी एकानेच बोलायचं, प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजायचे, त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. आईला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

तक्रारीही आहेत. लिफ्ट इतकी लहान की व्हीलचेअर आत जात नाही. गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीब, ऑटोनेच या. दिलेली वेळ पाळत नाहीत. ज्याचं लक्ष अर्ध्या तासात थकतं त्याला पाऊण तास बाकावर बसवलं तर पुढचं सत्र वाया जातं. हे त्यांनी सुधारलंच पाहिजे. चित्रांचा छापील संच परदेशी आहे, त्यात बर्फाची घरं आहेत. आम्ही आमचे फोटो नेले: सूप, वरवंटा, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, दुकानातला काटा. काट्याला बाबांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं.

सकाळची पहिली वेळ मागा. एमआरआयची फाइल, चष्मा, कानाचं यंत्र असेल तर तेही आणा, आणि घरातल्या वस्तूंचे फोटो मोबाइलवर न ठेवता मोठे छापून आणा.